चिंचेनं घासलेली चाकं

नाना दारातच थांबले. फरशीवर अठ्ठेचाळीस चाकं वाळत पडलेली, एकजात लख्ख. दुपारचं ऊन त्यांच्यावर हलत होतं.

"हौसाबाई, हे काय केलंत?"

"घासली. चिंच नि राख लावून. काही काळी, काही गंजल्यासारखी तांबडी झालेली!"

"अहो, तो मळ नव्हता! कंपनीचा रंग होता तो!"

आयुष्यभर भांडी घासलेली बाई मी. काळं दिसलं की हात थांबत नाही.

ठाण्याला नौपाड्यात नानांचं छोटं वर्कशॉप होतं. खेळण्यातल्या आगगाड्या रिपेर करायचे. गोरे साहेब देश सोडून गेले, जाताना अशा गाड्या विकून गेले. शौकीन लोक त्या जपायचे. हा माल कल्याणच्या एका रिटायर रेल्वे गार्डसाहेबांचा. बारा मालडबे, दर डब्याला चार चाकं. सगळी मीच सोडवून एका घमेल्यात टाकलेली.

"कुठलं कुठल्या डब्याचं, ते रंगावरून कळायचं," नाना म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची काळी, नंतरची तांबडी. साहेब चारला येतायत. चाकं आपापल्या डब्याला लागली नाहीत, तर उद्यापासून येऊ नका."

पोरींचे वडील, आमचे मालक, वारले तेव्हा मिठागरावरचं कामही गेलं. घरी दोन पोरी. उद्यापासून येऊ नका म्हणजे काय, ते मला समजावायला नको होतं.

मी मांडी घालून बसले. चार डब्यांची चाकं पत्र्याची, मागून पोकळ. ती सोळा लगेच निघाली. उरली बत्तीस, ओतीव, दिसायला सारखी. मग डोळे मिटले. चाकाला आतल्या अंगाला उंच कड असते, फ्लँज म्हणतात. ती चाकाला रुळावर धरून ठेवते. एकेका कडेवरून अंगठा फिरवत गेले. काहींची अंगठ्याला टोचायची, काहींची बोथट, वापरलेल्या साबणासारखी.

टोचणारी नवी, ती डावीकडे; झिजून बोथट झालेली जुनी, ती उजवीकडे. हळूहळू वर्कशॉप लांब गेलं. वाटलं, मिठागरात उभी आहे, पाय पाण्यात, समोर पांढरे ढीग, आणि मालक बांधावरून काहीतरी सांगतायत. ऐकू येत नव्हतं. हात मात्र चालत होते.

डोळे उघडले तेव्हा डावीकडे पंधरा, उजवीकडे सतरा.

"चार डबे जुने, चार नवे. सोळा-सोळा पाहिजेत. चुकलात," नाना म्हणाले.

परत केलं. पंधरा, सतरा.

"एक टाका इकडे नि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?"

"अंगठ्याला कळतंय ना, नाना. कसं टाकू?"

तेवढ्यात गार्डसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे. चाकं बघून खाली वाकले.

"काय नाना, माझ्या मालगाडीचं लग्न ठरवलंत काय? हळद तेवढी राहिली!"

नाना काही बोलणार, त्याआधी मीच बोलले. "साहेब, चूक माझी. रंग मी काढला. चाकं वेगळी केली मी. पण जुन्यांत एक जास्त येतंय. ते मी लपवणार नाही."

साहेबांनी खुर्ची ओढली. दोन्ही ढिगांवरून बोट फिरवलं. मग एक डबा उचलला.

"एका नव्या डब्याचं चाक माझ्या लेकीनं विहिरीत टाकलेलं," ते म्हणाले. "पाच वर्षांची होती. मारलं मी तिला. मग मोडक्या जुन्या डब्याचं चाक काढून बसवलं, वर तांबडा रंग दिला. हा बघा, हा कोळशाचा डबा. नाना, तुम्हाला कळलेलं?"

"नाही साहेब."

"मलाही रंगाखाली विसरायला झालेलं."

मी ते सतरावं चाक त्या डब्याला लावलं. साडेपाचला बारा डबे रुळावर फिरले. एकही उतरला नाही. साहेब गाल टेबलाला टेकवून बघत बसले. आम्ही दोघं उभेच.

रंग काही परत आला नाही. साहेबांनी तो पुन्हा देऊ दिला नाही, आणि नंतर माल आमच्याकडे धाडलाही नाही. नानांनी मला ठेवलं, पण चाकं सोडवायचं काम सहा महिने दिलं नाही.

पुढे मीच नव्या बायकांना शिकवायची. घासायच्या आधी विचारा, हा मळ आहे की रंग? विचारायला अर्धं मिनिट लागतं. चिंच भिजायला त्याहून जास्त.