मधे कोणीच नाही

सोफावाल्याच्या दुकानात बसायला जागा कधी कमी पडली नाही. दुकानभर सोफेच. कुणाची स्प्रिंग वर आलेली, कुणाचा हात निखळलेला, कुणाचं कापड उसवून आतला काथ्या बाहेर डोकावतोय. दर सोमवारी सकाळी दोन माणसं येऊन त्यातल्याच दोन सोफ्यांवर ऐसपैस बसत आणि दुरुस्तीला आलेल्या मालाची आणखी वाट लावत. एक बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर आणि दुसरे गणिताचे मास्तर, ज्यांची शाळा दुपारची होती. सोफ्याचा खरा मालक दारात दिसला की दोघं ताडकन उठत आणि गिऱ्हाईक असल्यासारखे कापडाचे नमुने चाचपू लागत.

विषय ठरलेला. काल आपली फुटबॉल टीम कशी खेळली आणि मॅनेजरनं कशी माती खाल्ली.

मॅनेजरला त्यांनी नाव ठेवलं होतं डिंक. एकदा एखादा खेळाडू मैदानात चिकटवला की हा बाबा त्याला काढायचं नाव घेत नसे. पोरगा लंगडतोय, धापा टाकतोय, सगळं स्टेडियम 'बदल, बदल' म्हणून घसा फोडतंय आणि हा आपला हाताची घडी घालून रेषेवर ढिम्म उभा. सामना हातचा गेला की मग याला जाग येणार. ड्रायव्हरचं म्हणणं, डिंकाला आजच्या आज हाकला. ड्रायव्हर तसा कुणालाही हाकलायला तयार असे; आधीच्या सगळ्या मॅनेजरांनाही त्यानं याच सोफ्यांवरून हाकललं होतं. मास्तरांचं म्हणणं, माणूस वाईट नाही, मांडणी वाईट आहे. मग ते खिशातून खडू काढत आणि कापड बेतायच्या टेबलावर गोल आणि बाण काढू लागत. एकदा त्यांचा एक बाण चुकून मखमलीवर उमटला आणि तसाच एका वकिलाच्या दिवाणखान्यात गेला.

या दोघांत निकाल देणारा म्हणजे सोफावाला. हातात वाकडी सुई, मांडीवर सीट, मान खाली. दोघांचं भांडण पुरतं रंगलं की तो दोरा दातानं तोडून एखादं वाक्य बोले आणि ते वाक्य दोघं घरी घेऊन जात. त्याची बघायची पद्धतच निराळी होती. स्टेडियममध्ये त्याची जागा मधल्या रेषेच्या बरोबर समोर. बाकीचे चेंडूमागे माना फिरवत, हा मात्र नजर मैदानाच्या मध्यावर रोवून बसे. चेंडूमागे काय कुत्रंही धावतं, असं तो म्हणे. खेळ कळायला मधे बघावं लागतं. चाळीस वर्षं त्यानं मधे बघितलं होतं आणि त्याच्या शब्दाला त्या बाबतीत वजन होतं. घरात, नातेवाइकांत, बँकेत, कुठंही त्याचं फारसं कुणी ऐकून घेत नसे. सोमवारी मात्र ऐकत.

त्या हंगामात टीम ओळीनं हरत होती. अशाच एका सोमवारी ड्रायव्हर गोलकीपरच्या सात पिढ्या उद्धरत होता आणि मास्तर बचावफळीचे बाण काढत होते, तेव्हा सोफावाल्यानं दोरा तोडला.

"गोलकीपरला का बोलता?" तो म्हणाला. "मधे कोणीच नसतं."

मास्तरांचा खडू थांबला. त्यांनी टेबलावरचे मधले गोल हातानं पुसून टाकले, लांबून बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. सगळं जुळत होतं. मधली फळी रिकामी, म्हणून समोरचे सरळ घुसतात, म्हणून बचावफळीची तारांबळ, म्हणून गोलकीपर बदनाम. पुढच्या सामन्यात मास्तरांनी ते आजूबाजूच्या रांगांना समजावून सांगितलं. ड्रायव्हरनं न समजावता नुसतं ओरडून सांगितलं. तिसऱ्या सामन्यापर्यंत ते अख्ख्या स्टँडला स्वच्छ दिसू लागलं होतं. चेंडू मध्यावर आला की हजारो लोक एका सुरात विचारत, "मधे कोण?" आणि दुसरी बाजू उत्तर द्यायची, "कोणीच नाही!" डिंक रेषेवर उभा राहून ऐकायचा. सोफावाल्याला वाक्य आपलं आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही, सगळ्यांना ते माहीत होतं. चहावाला त्याला आधी चहा देऊ लागला. असा मान कुणाला नको असतो?

मग तो पट्ट्यापट्ट्यांचा सोफा आला. एका डॉक्टरांच्या वेटिंग रूमचा होता, निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. असल्या कापडात सगळी करामत पट्टीला पट्टी जुळवण्यात. सोफावाल्यानं सीट तयार केली, हात फिरवला, खूश झाला. बायको डबा घेऊन आली होती. ती सीटकडे बघत उभी राहिली.

"अहो, हे कडेला बरोबर आलंय. मधे असं नागमोडी का शिवलंय?"

तो म्हणाला, काहीतरीच काय, सरळ आहे. तिनं त्याचं बोट धरून शिलाईवरून फिरवलं. बोट वाकडं गेलं. बोट खोटं बोलत नाही हे त्याला कळत होतं. तिनं त्याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्याच्यापुढे बारीक चौकोनांचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. त्यानं बघितलं. मधले चौकोन तुमच्याकडून छापायचे राहिलेत, असं त्यानं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसत राहील, मधलं गेलं ते परत यायचं नाही, वाढू नये म्हणून इंजेक्शनं घेऊ. मग मला तिथं काळं का दिसत नाही, असं त्यानं विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या, मेंदू भोक तसंच ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल त्याचाच तुकडा तिथं लावून मोकळा होतो. भिंत असेल तर भिंत, गवत असेल तर गवत.

हे सोफावाल्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फाटक्या जागी तसंच कापड लावून कुणाला पत्ता लागू न देणं, यावरच त्याचं पोट होतं. रस्त्यानं परत येताना तो बायकोचा हात धरून चालला होता आणि एकाएकी फुटपाथवर थांबला. गवत असेल तर गवत.

पुढचा सामना बाहेरगावी होता, म्हणून घरीच टीव्हीवर. त्यानं बायकोला शेजारी बसवलं. तिनं आयुष्यात कधी सामना बघितला नव्हता. रविवारची ती दोन तासांची शांतता तिला आवडायची एवढंच. मैदानाच्या मधे आपल्या रंगाचे किती जण आहेत ते बघ, असं त्यानं सांगितलं.

"तिघं," ती म्हणाली.

"आता?"

"तिघंच. तो टकलू, तो लाल बुटांचा, आणि एक सारखा हातवारे करणारा. आल्यापासून तिथंच आहेत की."

त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. ती पुन्हा पुन्हा तिघं म्हणाली. शेवटी तिनं विचारलं की झालंय तरी काय. त्यानं सगळं सांगितलं. क्लबनं पुढच्या रविवारी समर्थकांची सभा बोलावली होती. मॅनेजर ठेवायचा की काढायचा यावर लोकांचं ऐकून घेणार होते, आणि लोकांनी एकमतानं बोलायला सोफावाल्याला उभं करायचं ठरवलं होतं. मुद्दा तुझा, तूच मांड, असं सगळे म्हणाले होते.

"म्हणजे तुमच्या डोळ्याचं बिल त्या माणसाच्या नावावर फाडताय," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तो आठवडा त्यानं कसा काढला त्याचं त्याला माहीत. खरं सांगावं तर मास्तर आणि ड्रायव्हर तोंडघशी पडणार. आणि त्यानंतर ज्याला मैदानच दिसत नाही त्याच्याशी फुटबॉलवर कोण कशाला वाद घालेल? लोक सोफा घेऊन येतील, कदाचित तेही येणार नाहीत. न सांगावं तर एका माणसाची नोकरी जाणार, तीही केलेल्या चुकांपायी नाही, न केलेल्या चुकीपायी. डिंकाचा त्याला अजूनही राग होताच. खेळाडू वेळेवर बदलत नाही हे खरंच होतं. पण मधे माणसं होती. सोमवारी दोघं नेहमीसारखे आले, मास्तरांनी भाषणाचे मुद्दे सांगितले आणि सोफावाल्यानं मान डोलावली. त्याला भीती वाटत होती. या वयात नवे मित्र कुठून आणायचे?

सभेला क्लबचा हॉल गच्च भरला होता. समोर टेबलामागे पदाधिकारी आणि त्यांच्या कडेला डिंक बसला होता. सोफावाल्यानं त्याच्याकडे बघितलं की तो दिसेनासा होई, पण ड्रायव्हर कानाशी लागून सांगत होता की बघ कसा हाताची घडी घालून बसलाय. नाव पुकारल्यावर टाळ्या झाल्या. तो उठला, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माझ्या दोन्ही डोळ्यांना मधोमध दिसत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं. मधे कोणी नाही, असं मी म्हणालो ते मला दिसत नव्हतं म्हणून. मधे माणसं होती, तिघं होती. माझ्या बायकोनं मोजली. यांना काढायचं तर दुसऱ्या कशासाठी काढा, यासाठी नको."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आंधळ्यालासुद्धा दिसलं!"

असा हशा पिकला आणि अशा टाळ्या पडल्या की छत खाली यायचं बाकी राहिलं. आंधळ्यालासुद्धा दिसतं, डिंकाला दिसत नाही! दोन मिनिटांत त्याची घोषणा झाली. सोफावाला ओरडून सांगत होता, नाही हो, तसं नाही, ऐका तरी. पण ऐकतंय कोण? ज्यांचे डोळे चांगले होते त्यांना मधली रिकामी जागा आता पक्की दिसत होती. तो खाली बसला. शेजारची मास्तरांची खुर्ची रिकामी झाली होती. मास्तर उठून गेले होते.

सभा संपल्यावर तो कठडा धरून जिना उतरत होता तेव्हा कुणीतरी बरोबरीनं उतरू लागलं. आवाजावरून कळलं, डिंक. त्याचा आवाज इतका थकलेला असेल, असं सोफावाल्याला कधी वाटलं नव्हतं.

"मी दिसतो का तुम्हाला?"

"कान दिसतात," सोफावाला म्हणाला. "आणि खांदे. चेहरा नाही."

"बरंच आहे. लोकांनी तोंड दाखवायची सोय ठेवलेली नाही." मग तो म्हणाला, "तिघंच होते. बाईंना सांगा, बरोबर मोजलं."

खेळाडू वेळेवर बदला की हो, असं सोफावाल्याच्या ओठावर आलं होतं. चाळीस वर्षांत एखाद्या मॅनेजरशी समोरासमोर बोलायची ही पहिलीच संधी होती. पण त्यानं ते गिळलं, आणि दोघं शेवटच्या पायरीपर्यंत बरोबरीनं उतरले. त्याच आठवड्यात क्लबनं डिंकाला नारळ दिला.

सोमवारी दुकानात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. सोफावाल्यानं दोन सोफे वेळेआधी पूर्ण केले, कारण त्यांवर कुणी बसतच नव्हतं. पट्ट्यांचं कापड आता बायको जुळवायची आणि तो नुसतं शिवायचा. ती मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत राही, आणि तिच्या त्या बोलण्यानं त्याला आणखीच उदास वाटे. आपण केलं ते बरोबर केलं, हे त्याला कळत होतं. त्यानं दुकानातली शांतता काही कमी होत नव्हती. रविवारी घरच्या मैदानावर सामना होता, पण त्यानं तिकीट टेबलावरच ठेवून दिलं. जाऊन करायचं काय?

त्याच दुपारी घराच्या दारात ड्रायव्हर उभा राहिला. मागे मास्तर. ड्रायव्हरनं आत पाऊलही टाकलं नाही.

"आवर की लवकर," तो म्हणाला. "मधली जागा रिकामी ठेवून आम्ही दोघं काय एकमेकांची थोबाडं बघत बसू?"

मास्तर म्हणाले की आधी सांगायला हवं होतंत. आम्हाला, तिथं हॉलमध्ये नाही. एवढंच बोलले, पण त्यांचा आवाज चिरका झाला होता, आणि ते रागावले होते तितकेच दुखावलेही होते हे सोफावाल्याला तेव्हा समजलं. त्यानं माफी मागितली. मास्तरांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि जिन्यावर त्याचा दंड धरला.

स्टँडमध्ये दोघांनी त्याला मधे बसवलं आणि दोन्ही कानांत सामना सुरू झाला. डाव्या कानात मास्तर, कोण कुणाला किती अंशाच्या कोनात पास देतोय ते. उजव्या कानात ड्रायव्हर, बस चालवल्यासारखा. निघाला, डावीकडे घेतोय, पुढे गर्दी आहे, थांबला, अरे सोड ना पुढे. दोघांचं एकमेकांशी जमेना. मास्तर ज्याला चाल म्हणत त्याला ड्रायव्हर घोडचूक म्हणे, आणि मधे बसलेल्या सोफावाल्याला दोन वेगवेगळे सामने ऐकू येत होते. नवा मॅनेजरही तसलाच निघाला आहे, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. एक साधा थ्रो-इन नेमका कुणाचा होता, यावरून दोघं सोफावाल्याच्या तोंडासमोर हात नाचवत त्याला पटवून देऊ लागले.

तेवढ्यात स्टेडियम एकदम उठलं. गोल. चहूकडे आरडाओरडा, मिठ्या, कुणाचा तरी चहा कुणाच्या तरी पाठीवर. सोफावालाही उठला आणि दोघांच्या गळ्यात पडला.

"कुणी मारला?" त्यानं ओरडून विचारलं.

ड्रायव्हरनं वळून मैदानाकडे बघितलं. सामना चालू असताना लघवीलासुद्धा न उठणारा हा माणूस, घरच्या मैदानावरचा एकही गोल त्याचा कधी चुकला नव्हता.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे तोंड करून बसलो होतो."

सोफावाला मास्तरांकडे वळला. मास्तर चष्मा पुसत होते. शेवटी ड्रायव्हरनंच पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या खांद्यावर थाप मारली आणि तिघं त्याच्याकडे वाकून उभे राहिले.