सरकारी टाकीतला समुद्र

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणसं दार वाजवतात. आमचे ओव्हरसियर भिंत वाजवायचे. दार उघडंच असायचं. ते आत येत, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने भिंतीवर दोनदा टकटक करत, कान कलता करून ऐकत आणि म्हणत, "एकास दहा." म्हणजे एक घमेलं सिमेंटला दहा घमेली वाळू. आपलं घर वाळूचं आहे हे ऐकल्यावर कुठल्याही घरमालकाचा चहा करण्याचा उत्साह ओसरतो. माझं घर सरकारी होतं, त्यामुळे मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. ते त्यांच्याच खात्याने बांधलेलं होतं, तरी त्यांनाही वाटत नसे.

मी त्याच कार्यालयात लिपिक होतो आणि क्वार्टर्समध्ये त्यांच्या समोर राहायचो. खातं कोणतं ते सांगत नाही. डहाणूहून तलासरीला एसटीने गेलेल्या माणसाच्या कमरेला ते ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि आम्ही ठाणे जिल्ह्यात मोडायचो. ओव्हरसियर पन्नाशीला आले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं आणि तोंडात एकच वाक्य: "कागदावर घ्या." रस्ता खचला, कागदावर घ्या. आज फार उकडतंय, कागदावर घ्या. एकदा वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, मीठ संपलंय." तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. वहिनींनी कागदावर घेतलं आणि त्या दिवशी अळणी आमटी वाढली.

अशा माणसाच्या आयुष्यात समुद्र आला तो जेवणाच्या डब्यातून. डहाणूजवळ आगरच्या किनाऱ्यावर ते एका धक्क्याची मापं घ्यायला गेले होते. ओहोटी होती. खडकातल्या डबक्यात त्यांना शंखात राहणारा एक खेकडा दिसला. तो जुना शंख सोडून नव्या शंखात शिरत होता, पण आधी नव्या शंखाला नांगीने आतून-बाहेरून चाचपत होता. "चार्ज घ्यायच्या आधी पाहणी करत होता हो!" ते मला सांगत. हा खेकडा आपल्याच खात्यातला, अशी त्यांची खात्री पटली. संध्याकाळी वहिनींनी डबा घासायला घेतला तर डबा चालायला लागला.

त्यानंतर टेबलावर दोन फुटांची काचेची पेटी आली आणि तिच्यात जे जे आलं ते आठवड्याभरात मेलं. ओव्हरसियरांनी मुंबईच्या फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात प्रवाळांची रंगीत चित्रं होती आणि मधली सोळा पानं नव्हती. उरलेल्या पानांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष जिवांचा नाही, पाण्याच्या आकारमानाचा आहे. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर नासतं. जास्त पाणी शांत असतं. "सहा फूट बाय दोन बाय दोन," ते म्हणाले. "सातशे लिटर बसतील."

"प्रवाळ कुठून आणणार? आपल्याकडे नाहीत," मी म्हणालो.

"खडक आहेत ना. त्यांच्यावर काय कमी राहतं का?"

मग आराखडा सुरू झाला. त्यांनी आयुष्यभर मोऱ्या बांधल्या होत्या. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाऊ देणाऱ्या, त्या मोऱ्या. म्हणून त्यांनी तलासरी रस्त्यावरच्या एका मोरीचं ड्रॉइंग काढलं, तिची दोन्ही तोंडं बंद केली, एका लांब बाजूला काच दाखवली आणि खाली लिहिलं, 'मत्स्यालय'. भार मात्र मोरीचाच ठेवला. लोखंडी सळ्या इतक्या, की मी विचारलं, "हे कशासाठी?"

"वरून रणगाडा गेला तरी तडा जाणार नाही."

"रणगाडा कधी येणार ते आधी सांगा," वहिनी आतून म्हणाल्या, "म्हणजे पोहे भिजवायला बरं."

काच वापीहून आणली. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर टेम्पो थांबवून तिथल्या शिपायाने विचारलं, "आत काय?"

"काच."

"एवढी जाड? कशाला?"

"समुद्राला," ओव्हरसियर म्हणाले. शिपायाने टेम्पो बाजूला घ्यायला लावला. खरं बोलणाऱ्या माणसाची तिथे सवय नसावी. दोन तासांनी टेम्पो सुटला.

टाकी त्यांच्या पुढच्या खोलीत, भिंतीला धरून, जागच्या जागी ओतली गेली. अठ्ठावीस दिवस गोणपाटं ओली ठेवली. सिमेंटचा चुना उतरावा म्हणून पुढे दोन महिने नळाचं पाणी भरलं आणि ओतलं. क्वार्टर्सचा नळ दिवसाला तासभर यायचा, आणि त्या तासात आमच्या ओव्हरसियरांबद्दल काय काय बोललं जाई ते मी कागदावर घेतलं नाही.

आता खरं पाणी. पौर्णिमेला भरती सर्वांत मोठी, म्हणजे पाणी भरपूर, असा सरकारी हिशोब करून ते मला घेऊन आगरला गेले. बरोबर टेम्पोत चार पिंपं. किनाऱ्यावर एक मावशी सुकट पसरत होती. तिने आधी पिंपांचा वास घेतला.

"सायब, यात काय होतं?"

"डांबर. पण धुतलंय."

"यात मासा नाय राहत, रस्ता राहतो," मावशी म्हणाली. "आनि पुनवेला कोन पाणी भरतं? उधाणाला समदा चिखल वर येतो. अष्टमीला या. भांगाचं पाणी बघा कसं नितळ असतं."

"भरती लहान असते ना अष्टमीला?"

"तुमाला पाणी पायजे का भरती पायजे?"

ओव्हरसियरांनी खिशातून पेन काढलं आणि वही उघडून मावशीचं म्हणणं लिहून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठ नसलेल्या माणसाचं त्यांनी लिहून घेतलेलं हे पहिलं वाक्य. अष्टमीला आम्ही प्लास्टिकचे कॅन घेऊन गेलो. पुढल्या फेऱ्यांत मावशीने स्वतः दगड निवडून दिले, ओल्या गोणपाटात गुंडाळून. "वरची बाजू वरच ठेवा. उलटा ठेवलात तर त्याच्यावरचं मरंल. आनि मासा घाई करून टाकू नका. दगडाला आधी घर लागू द्या."

ओव्हरसियरांनी महिनाभर नुसते दगड पाहिले. ऑफिसातून आले की स्टूल ओढून बसायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे बघून घ्या. दगडांचा पाहुणचार चाललाय." पण दगडांवर हळूहळू काय काय हलायला लागलं. कुठे पिसासारखं काही बाहेर यायचं आणि सावली पडली की आत जायचं. मग बोटभर मासे आले, झिंगे आले, शंखातला खेकडा आला. आणि एका दगडावरून उतरून मागच्या सिमेंटच्या भिंतीवर जाऊन बसलं ते समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा जीव: बशीएवढं, फिकट हिरवं, टोकांना जांभळं. वहिनींनी पहिल्यांदा ते पूर्ण उघडलेलं पाहिलं तेव्हा त्या पोळपाट घेऊनच बाहेर आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. आत तव्यावरची पोळी करपली. त्या दिवसापासून 'तुमचा समुद्र' जाऊन 'आपली टाकी' आली.

टाकीचा शत्रू एकच, वीज. वीज गेली की हवेचा पंप बंद आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागत. ओव्हरसियरांनी अच्छाडच्या एका टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. ती सायकलच्या पंपाने टम्म भरायची, तोंडाला बारीक नळी लावायची आणि हवा थोडी थोडी पाण्यात सोडायची. पंप मारायला शेजारी पाळीने येत. वीज गेल्यावर आमच्या क्वार्टर्समध्ये मेणबत्तीच्या आधी ट्यूब शोधली जाई.

हे कुणाला तरी बघवलं नाही. निनावी अर्ज गेला: सरकारी निवासस्थानात अनधिकृत बांधकाम. ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून कळलं. या माणसाने जन्मात खोटी नोंद केली नव्हती, पण आता त्यांनी निवासस्थानांच्या मालमत्ता नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पाणी साठवण टाकी, आर.सी.सी., नग एक.' साक्षीला सही माझी.

मोठे साहेब आले. मागे दोन शिपाई, एकाकडे साहेबांची फाईल, दुसऱ्याकडे साहेबांचा चष्मा. वीज नेमकी गेलेली, ट्यूब फुसफुसत होती आणि वहिनी पंप मारत होत्या. साहेबांनी चष्मा मागून घेतला आणि काचेसमोर वाकले.

"टाकीत मासे?"

"डासांच्या अळ्या खातात, सर. गप्पी मासे सोडण्याबद्दल आरोग्य खात्याचं परिपत्रक आहे."

"हे गप्पी?"

"खाऱ्या हवेत रंग बदलतो, सर."

"आणि तो खेकडा?"

मी फाईल पडल्याचं निमित्त करून खाली वाकलो. "तो सफाईला आहे, सर," ओव्हरसियर म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि शेरा लिहिला: 'टाकी सुस्थितीत. उपयुक्त. इतर निवासस्थानांनीही अनुकरण करावे.' त्या संध्याकाळी आम्ही चिकूची बासुंदी खाल्ली.

बासुंदी पुढे दोन वर्षांनी बाधली. ओव्हरसियरांची वाशीमकडे बदली झाली. नव्या ठिकाणाहून समुद्र गाठायला एक दिवस आणि एक रात्र लागणार होती. टाकी उचलायची म्हटलं तर ती जमिनीला धरून ओतलेली, आणि दहा माणसांना न हलणारी. फोडायची तर ती आता सरकारची. त्यांनी रीतसर अर्ज केला, 'टाकी मोडीत काढण्यास परवानगी मिळणेबाबत.' आठ दिवसांत उत्तर आलं. एवढ्या वेगाने आलेलं उत्तर मी त्या कार्यालयात दुसरं पाहिलं नाही. टाकी सुस्थितीत व उपयुक्त असल्याचा निरीक्षण शेरा असल्याने परवानगी देता येत नाही.

"मग जीव तरी परत सोडू," मी म्हणालो. "अष्टमी परवाच आहे."

बादल्या तयार झाल्या. ओव्हरसियर बाह्या सरसावून पाण्यात हात घालून उभे राहिले. मासे मिळाले असते, दगड उचलता आले असते. समुद्रफूल सिमेंटला बसलं होतं. त्यांनी नखाने कडा उचलून पाहिली. ते आक्रसलं, सुपारीएवढं झालं, पण सुटेना. आणखी ओढलं तर फाटलं असतं.

"पृष्ठभाग खरखरीत ठेवला मी," ते म्हणाले. "पकड चांगली बसावी म्हणून."

मग त्यांनी हात काढून पुसले आणि बादल्या न्हाणीघरात नेऊन ठेवल्या. "एकाला ठेवून बाकीच्यांना नेलं तर पाणी बिघडेल," म्हणाले. "राहू दे सगळं. नवीन माणूस बघेल."

"आणि नाही बघितलं तर?"

तीस वर्षं ते बांधत आले होते आणि बांधलेलं दुसऱ्याच्या ताब्यात देत आले होते. मोरी झाली की सही करायची, पुढच्या मोरीकडे जायचं. मागे वळून कुठली मोरी बघायला गेलेलं मी त्यांना पाहिलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या.

नवे ओव्हरसियर सोलापूरकडचे होते, तिशीचे. समुद्र त्यांनी दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता आणि त्यांना तो उगीच मोठा वाटला होता. सामानाने भरलेला ट्रक दारात, वहिनी पुढे बसलेल्या, आणि आत चार्ज देणं चालू. पंखे दोन. ट्यूबलाइट तीन. टाकी एक. नव्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे."

"समुद्राचं आहे."

"मग साठवलंय कशाला?"

आमच्या ओव्हरसियरांकडे या प्रश्नावर परिपत्रक नव्हतं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. "बघायला," ते हळूच म्हणाले.

मग खिशातून चार घड्यांचा फुलस्केप काढून त्यांनी तो नव्यांच्या हातात दिला आणि ट्रककडे निघाले. मी दारापर्यंत गेलो. ते चढले, वहिनींनी हात हलवला, त्यांनी समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे पाहिलं. ट्रक वळला.

परत आलो तर नवे कागद वाचत उभे होते. आम्ही कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल टाइप करतो, त्याच नमुन्यात तो लिहिलेला होता. 'खेकडा: कामसू. कलहप्रिय. मोठा रिकामा शंख तळाशी ठेवला आहे, बढतीसाठी पात्र. झिंगे दोन: वर्तणूक समाधानकारक. पट्ट्यांचा मासा: डाव्या दगडाखाली राहतो. भित्रा. सुकट बारीक करून द्यावी, आपण हलू नये. समुद्रफूल: काही मागत नाही. म्हणून रोज बघावे.' पाण्याच्या फेऱ्या, मावशीचं घर, ट्यूबला कुठे ठिगळ आहे, सगळं होतं. खाली सही, आणि हुद्दा लिहिलेला नव्हता.

"हा पट्ट्यांचा कुठला?" नव्यांनी विचारलं.

मी दगड दाखवला. ते वाकले. काही दिसेना. त्यांनी बूट काढले आणि फरशीवर मांडी घातली. कागद मांडीवर. मीही बसलो.

बाहेर त्यांची बायको हमालांना थांबवून उभी होती. "अहो, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं?"

नव्यांनी मागे न बघता हात वर केला.

"हळू बोल," ते म्हणाले. "तो बाहेर येतोय."