नखांवरची मेंदी

ईदच्या आदल्या दिवशी टेक्ससमधल्या प्लेनोच्या इंडियन ग्रोसरीत एक हैदराबादी बाई मेंदी काढायला बसली होती. साठीची असेल. कोन धरण्याआधी ती प्रत्येकीचा हात क्षणभर स्वतःच्या दोन्ही तळव्यांत घ्यायची.

माझ्या मुलीच्या डाव्या हातावर मेंदी काढून झाल्यावर तिने माझ्यापुढे हात केला. मी नको म्हटलं. केमोने माझी नखं काळी पडली होती. तिने ती पाहिलीच.

“पैगंबरसाहब के जमाने में काँटा चुभा तो भी मेहंदीच लगाते थे,” ती म्हणाली. “पहले दवा थी बेटा, सिंगार बाद में.”

मग नक्षी न काढता तिने एकेक नख मेंदीने भरलं. मागे रांग खोळंबली होती, तरी तिने घाई केली नाही. मला काय झालंय, तेही विचारलं नाही. गेले सहा महिने माझे हात कुणी धरले होते, ते फक्त सुई टोचायला.

पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचले आणि मला रडू कोसळलं. मेंदी ओली होती, डोळे पुसता येईनात.

“इट्स ओके, आई,” म्हणत मुलीने उजव्या हाताच्या बाहीने ते पुसले.