मागाच्या पायाला पाणी

आमच्या अंगणाच्या कुंपणाचे सगळे खांब लोखंडी आहेत, फाटकाशेजारचा एक सोडून. तो सागवानी खांब म्हणजे वडिलांच्या हातमागाचा पाय. माग मोडला तेव्हा बाकीचं लाकूड कुठंकुठं गेलं, हा एक पाय त्यांनी ठेवून घेतला आणि कुंपणात रोवला. आयुष्यभराच्या विणकामातलं त्यांच्याजवळ एवढंच उरलंय, त्यामुळे तो बदलायचा विषय घरात काढायचा नाही.

यंदा उन्हाळ्यात मी फाटक ओढलं आणि खांबच माझ्याबरोबर पुढे आला. बुडाशी लाकूड चहात भिजलेल्या पावासारखं झालं होतं. सुताराला बोलावलं. त्याने चपलेच्या टोकाने खांब ढोसला. "काय राहिलंय ह्यात? काढून टाका की. पाइप बसवा." वडील ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. झालं, म्हणजे रविवारची सुट्टी माझी गेली.

सोलापूरच्या उन्हात माणसं वाळून जातात, मग लाकूड कुजतं कसं, असं चरफडत मी खणत होतो. तेवढ्यात नळ आला. आमच्याकडे पाणी दिवसाआड येणंही नशिबात नाही, पण नवं पाणी आलं की साठवलेलं लगेच शिळं होतं आणि ओतून द्यावं लागतं. वडील त्या शिळ्या पाण्याची बादली घेऊन आले आणि सरळ माझ्या खड्ड्यात ओतली.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण डोकं फिरलं की मी मराठीत शिरतो. वडीलही मग मराठीतच उत्तर देतात.

"बाबा, अहो, काय चाललंय?"

"उन्हाळा आहे. मागाखाली ओल नको? सूत तुटतं."

"कुठलं सूत?"

त्यांनी रिकाम्या बादलीत पाहिलं. "सवय रे," म्हणाले.

माग चालू होता तेव्हा उन्हाळ्यात ते मागाखालची जमीन ओली ठेवायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटतात. पण माग गेल्यावरही हा गृहस्थ दर पाण्याच्या दिवशी त्याच्या पायाला पाणी घालत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या खांबासाठी जेवण सोडलं, तो कुजवला ह्यांनीच. कपाळावर हात मारायचा तर हात चिखलाचे होते.

कुजलेलं बूड करवतीने कापलं. वरच्या लाकडाला बोल्टने लोखंडी अँगल जोडला आणि अँगल काँक्रीटमध्ये पक्का केला. लाकूड आता जमिनीपासून चांगलं वीतभर वर राहिलं. त्याला ऑइलपेंटचे हात दिले. "आता ओता किती ओतायचं ते," मी वडिलांना ऐकवलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ते बादली घेऊन आले. वाकून त्यांनी लोखंडाला हात लावला, मग वरच्या लाकडाला.

"आता ह्याला पाणी पोचत नाही," म्हणाले, आणि भरलेली बादली तिथंच ठेवून ओट्यावर जाऊन बसले.

मला भयंकर राग आला. पाठ मोडून, सुट्टी घालवून खांब वाचवला मी, आणि म्हातारा चेहरा पाडून बसणार. मी बादली उचलली आणि ओंजळीने पाणी घेऊन त्या नव्याकोऱ्या रंगावर शिंपडत राहिलो, ते बघताहेत याची खात्री होईपर्यंत.

"पोचलं," मी म्हणालो. तेलुगूत.