छाती ठणठणीत, भीती जुनाट

"तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. हा मनाचा आजार आहे, अँक्झायटी न्यूरोसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय, तर भीती अंगात मुरून बसते आणि कारण संपलं तरी जात नाही. मला रागच आला. फौंड्रीत तापलेल्या लोखंडाशेजारी दिवसभर उभा राहणारा गडी मी, आणि मला म्हणे भीती!

पण सहा महिने दिवस कलला की छाती धडधडायची. घाम फुटायचा, वाळूचा साचा भरताना हातातली थापी गळून पडायची. बायकोनं, गंगूनं, तीन वैद्यांची चाटणं करून घातली. शेवटी दवाखान्यात भरती झालो. कार्डिओग्राम काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख. रक्त तपासलं. सगळं चोख निघालं. चौथ्या दिवशी हे निदान.

"भीती कशाची, ते मात्र तुम्हीच सांगायचं," डॉक्टर म्हणाले. मी थाप मारली. तशा थापा पहिल्या दिवसापासूनच चालू होत्या. नाव दत्तू पाटील, गाव मुरगूड.

खरं असं की आम्ही कैकाडी. माझा जन्म तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटातला. इंग्रजांनी आमची अख्खी जातच गुन्हेगार ठरवलेली. रोज संध्याकाळी पोलिसापुढे हजेरी, पासाशिवाय परगावी जायचं नाही. कायदा उठला, तशी मी कोल्हापूर गाठलं. पण कैकाडी म्हटल्यावर मंगळवार पेठेत खोली कोण देणार? फौंड्रीतलं काम कसं टिकणार? म्हणून तोंड शिवून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी खाकी कपड्यातला शिपाई दूध वाटायला नावं पुकारत आला. माझं नाव निघालं आणि मी पलंगावरून उडी मारून फरशीवर उकिडवा बसलो. हात जोडले, मान खाली घातली आणि ओरडलो, "हजर, साहेब!" अख्खा वॉर्ड हसला. दारातले डॉक्टर हसले नाहीत.

ते शेजारी येऊन बसले. "हे कुठं शिकलात?" मी ढसाढसा रडलो आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "झोपेची गोळी थोडे दिवस देतो. पण रोज पकडले जाण्याच्या भीतीत राहिलात, तर गोळी काय करणार? ज्यांच्यात वावरता, त्यांना खरं सांगा."

गंगू म्हणाली, "खोली जाईल." तरी घरमालकिणीला खरं सांगितलं. खोली गेलीच. तिनं आठवड्यात सामान बाहेर काढायला लावलं. दुसरी मिळेपर्यंत हाल झाले, ते लपवत नाही.

आता काम गेलं असतं तर खायचे वांधे होते. तरी फौंड्रीत मिस्त्रींपुढे उभा राहिलो. "मिस्त्री, मी मुरगूडचा न्हाय. कैकाडी हाय, सेटलमेंटातला."

सगळ्यांचे हात थांबले. मिस्त्रींनी मोठ्यानं विचारलं, "म्हंजे? चोरीबिरी करनार न्हाईस न्हवं?"

अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "करनार असतो तर दोन वर्सांत तुमच्या अंगावरचा सदराबी ठिवला नसता की!"

मिस्त्री खो खो हसले. "आरं, मग कामाला लाग. साचं काय तुझा बा भरनार व्हय?"

पुढचे दोन महिने दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाऊन बोलत होतो. धडधड एकदम गेली नाही, पण कमी कमी होत गेली. मग मेव्हणीकडे गारगोटीला चार दिवस राहून आलो, कुणालाही न विचारता. तिथं पहिल्याच दिवशी जेवायला बसल्यावर ध्यानात आलं, की संध्याकाळ येऊन गेली आणि मला पत्ताच नाही. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुमच्या घरात कुणाला असं होत असेल, तर तपासण्या करा, पण डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि माझ्या जातभाईंनो, लाज आपण का बाळगायची? ज्यांनी कुंपण घातलं, त्यांनी बाळगावी. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

शेवटच्या तपासणीला कारकुनानं माझा कागद काढला. म्हटलं, "हे नाव खोडा." बाकावर वीसेक माणसं बसली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, "लिहा. यल्लाप्पा भीमा जाधव, कैकाडी."