भाऊजींनी भरलेले दोन ड्रम

वंदना, अशी जवळ येऊन बस बरं. तेराव्याला आलीस, पानावरून उठलीस आणि लगेच पुण्याची गाडी गाठलीस... असं करतात का? काकूशी दोन शब्दही बोलली नाहीस. म्हणून आता चार लोकांदेखत, पेपरातून बोलते.

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलाबाच्या जुड्या बांधत होते. हातातली जुडी पुरी केली आणि मग खाली बसले. तुझे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, अंबडला एका कारखान्यात पाइप फिटर होते. सुट्टीच्या दिवशी मखमलाबादचा मळा. बोलायचे कमी, त्यांच्या वाटचंही मीच बोलून घ्यायचे.

नव्वद सालानंतर मळ्याची वाटणी झाली. विहीर एकच, तिच्यावरचा हौदही एकच. हौदातून तुमच्या वावरात दोन इंचाचा एक पाइप गेला, आमच्याकडे एक इंचाचे दोन. एक आणि एक दोन, सारखं झालं, असं तुझे काका म्हणाले आणि कुणालाच त्यात खोट दिसली नाही. भाऊजी त्या दिवशी कामावर होते. उन्हाळा लागला तसे आमचे गुलाब माना टाकायला लागले, आणि तुमची मेथी हिरवीगार. मला वाटलं, हे आमचं पाणी चोरतात. बांधावर उभी राहून मी बोलून बसले, "काय भाऊजी, आमचा कॉक दाबून ठेवता का हो?" तू तिथेच होतीस, पाचवीत असशील. त्यानंतर माझ्या हातचा चहा तू घेतला नाहीस. मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

 पुढच्या रविवारी भाऊजी दोन सारखे ड्रम घेऊन आले. एकात तुमचा पाइप सोडला, दुसऱ्यात आमचे दोन्ही. तुमचा ड्रम काठोकाठ भरला तेव्हा आमचा अर्ध्यालाही आला नव्हता.

"वहिनी, रुंदी दुप्पट झाली की आत जागा चौपट होते. शिवाय बारीक पाइपात पाणी कडेला जास्त घासतं."

"चौपट कशी?"

"भाकरी दुप्पट रुंद थापायची तर दोन गोळे पुरतात का तुम्हाला?"

नाही पुरत. तेवढीच जाड ठेवायची तर चार लागतात. इतकी वर्षं थापत होते मी...

"चूक माझीच," ते म्हणाले. "रोज लोकांचे पाइप जोडतो, घरचा बघितला नाही."

त्यांनी आम्हालाही दोन इंचाचा पाइप टाकून दिला. हौदाचं पाणी निम्मंनिम्म झालं, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या मेथीचे दोन वाफे वाळले. मी त्यांना जेवायला बोलावलं, भरली वांगी वाढली, पण चुकले म्हणायचं काही जमलं नाही. पुढे वर्षानुवर्षं समोर होते, तरी राहिलंच.

ते गेल्यावर तुझे काका म्हणाले, त्यांच्या वाटचं पाणी आता आपल्याच गुलाबांना घेऊ. मी नाही म्हटलं. रोज सकाळी दोन्ही कॉक मीच सोडते, आधी तुमचा. तुमचं वावर मोकळं राहू नये म्हणून कोथिंबीर टाकली आहे. काढणीला आली आहे. येत्या रविवारपर्यंत ये बाई, नाहीतर फुलावर येईल.