ताकाची रवी आणि आल्याची बिअर

आमचे जावई बोलतात, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. तोवर "हो मामाजी", "नाही मामाजी" यापुढे आमची गाडी कधी सरकलीच नव्हती. शेवटी मुलीनंच सुचवलं, "बाबा, ते घरी आल्याची बिअर करतात. नशेची नाही, नुसती फेसाची. त्यावर बोला."

दिवाळीला दोघं आमच्या गावी, धाडला आले तसं मी जावयांना म्हटलं, "मले शिकवा."

लगेच बॅगेतून झाकणाची बालदी, नळी, थर्मामीटर आणि सोड्याच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. "बाटल्या प्लास्टिकच्याच घ्यायच्या, मामाजी. दाबल्या की गॅस कळतो. काचेची फुटल्यावरच कळते." बालदी, नळी उकळत्या पाण्यानं धुवायची, लाकडाचं काही लावायचं नाही. आलं, साखर, लिंबू उकळून कोमट झाल्यावर यीस्ट पडलं. "आता दोन दिवस झाकण उघडू नका."

दुपारी ते झोपले आणि मला साखरेची काळजी लागली. तळाशी बसली असेल तर? हळूच झाकण काढलं, स्वयंपाकघरातली रवी आणली आणि दोनदा फिरवली. धुऊन, बरं का!

तिसऱ्या दिवशी चव घेतली, तर आंबट ढाण. जावयांनी बालदी हुंगली, थर्मामीटर न्याहाळला. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

ती शांतता मला सोसवेना. "रवी फिरवली होती मी," म्हणून मोकळा झालो.

आतून बायको कडाडली, "अजी, त्याच रवीनं सकाळी ताक केलं मी! लोणच्याच्या बरणीले हात लावू देत नाही तुमाले, अन् जावयानं बालदी देली!"

जावई पोट धरून हसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझी पहिली बालदी इडलीच्या पिठाच्या पळीनं गेली होती. हिला सांगू नका."

दुसरी बालदी लोणच्याशेजारी, बायकोच्या पहाऱ्यात राहिली. बाटल्या भरून जावई गेले. मला काम एकच दिलं, रोज बाटली दाबून पाहायचं. कडक झाली की फ्रिजात.

आता सकाळी त्यांचा फोन येतो. "मामाजी, झाली का कडक?"

कालच झाली होती. फ्रिजातही ठेवली होती.

"थोडी मऊच वाटते अजून," मी म्हटलं. "उद्या करा फोन."